परकीय मासे, ठाणे–कल्याण परिसरातील

एखाद्या नदीच्या, खाडीच्या वा तलावाच्या मूळ मत्स्यसृष्टीत नसलेले व माणसाच्या हातून तेथे आलेले मासे परकीय होत. देशाबाहेरून आलेल्या जातींना विदेशी म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु माशांना देशांच्या सीमा नसतात, नदीखोऱ्यांच्या सीमा असतात. त्यामुळे गंगेच्या खोऱ्यातील मासा कोकणातील नदीत सोडला, तर तोही तेथे परकाच ठरतो. ठाणे शहराचे तलाव, ठाण्याची खाडी, कल्याण-डोंबिवलीजवळून वाहणारी उल्हास नदी व तिच्या उपनद्या यांत आज सापडणाऱ्या माशांत अशा परक्या जातींचा भरणा लक्षणीय आहे. अनोळखी मासा जाळ्यात आला म्हणजे तो ‘कोठून तरी वाहत आला’ असे सामान्यतः समजले जाते. प्रत्यक्षात या परिसरातील जवळजवळ प्रत्येक परक्या जातीमागे कोणाचा तरी हेतू होता व त्या त्या काळी तो बहुधा चांगलाच मानला गेला होता. हिवतापाचे निवारण, स्वस्त प्रथिनांचा पुरवठा, व्यापार आणि हौस या चार कारणांनी येथील पाण्याची मत्स्यसृष्टी शंभर वर्षांत बदलली.

उल्हास नदी खंडाळ्याजवळील राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, बदलापूर, कल्याण या मार्गाने वाहत जाऊन वसईच्या खाडीला मिळते. बारवी, भातसा, काळू या तिच्या संबंधातील प्रमुख नद्या. ठाण्याची खाडी एका अरुंद फाट्याने उल्हासच्या मुखाशी जोडलेली आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या अशा नद्या लांबीला थोड्या, पावसाळ्यात उग्र आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरणाऱ्या असतात. त्यांतील माशांचे जीवन पावसाशी बांधलेले आहे. पहिल्या जोरदार सरींनंतर मासे नदीतून ओढ्यांत व ओढ्यांतून भाताच्या खाचरांत अंडी घालण्यासाठी चढतात; ठाणे व रायगड जिल्ह्यांत यास ‘वलगण’ म्हणतात. कातकरी, ठाकूर, आगरी इ. समाजांच्या आहारात वलगणीच्या माशांना जुने स्थान आहे. गोड्या पाण्यात मरळ, वाम, शिंगटी व लहान आकाराचे अनेक कार्प मासे, तर खाडीच्या मचूळ पाण्यात बोईट, चिवणी, निवटी, जिताडा हे येथील ओळखीचे मासे होत. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये जिल्ह्यातील मासे व मासेमार यांची नोंद आहे. त्या काळापर्यंत या पाण्यांत बाहेरच्या माशांचा प्रश्न उद्‌भवला नव्हता.

पहिले पाहुणे देशातीलच होते. रोहू, कटला आणि मृगळ हे गंगा व तिच्या शेजारच्या खोऱ्यांतील मोठे कार्प मासे होत. त्यांची वाढ झपाट्याने होते व ते तलावात सहज पोसले जातात. म्हणून कलकत्त्याच्या परिसरातील नद्यांत गोळा केलेले मत्स्यबीज रेल्वेने देशाच्या इतर भागांत पाठविले जाई. कोकणातील स्थानिक कार्प मासे आकाराने लहान असल्याने तलावांत ‘चांगला’ मासा सोडावा, ही कल्पना शासनाला व हौशी मासेमारांना सारखीच पटली. साष्टी तालुका ठाणे जिल्ह्यात मोडत असताना, १८९१ च्या सुमारास, बांधलेल्या पवई तलावात गळाने मासे धरणाऱ्यांच्या संघटनेने (स्थापना १९५५) हेच मासे जोपासले. १९५७ मध्ये ओडिशात हिरालाल चौधरी व के. एच्. अलिकुन्ही यांनी पोष ग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) देऊन या माशांचे प्रजनन घडविण्यात यश मिळविले. त्यानंतर मत्स्यबीजासाठी गंगेकडे पाहण्याचे कारण उरले नाही व रोहू-कटला महाराष्ट्राच्या तलावांत सार्वत्रिक झाले. आज बाजारात त्यांना कोणी परके मानीत नाही. हे मासे वाहत्या, पूर आलेल्या नदीतच नैसर्गिक रीत्या अंडी घालतात. तलावात सोडणे थांबले, की त्यांची संख्या ओसरते. आलेला मासा आणि वसलेला मासा यांतील हा भेद पुढील सर्व इतिहासात महत्त्वाचा आहे.

दुसरी लाट हिवतापाच्या भयातून आली. मुंबईतील हिवतापाची कारणे शोधण्यासाठी सी. ए. बेंटली यांनी केलेल्या पाहणीचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरातील विहिरी हे ॲनॉफेलिस स्टीफेन्साय या डासाचे मुख्य उत्पत्तिस्थान असल्याचे त्यात दाखविले होते. विहिरी बुजवाव्यात वा झाकाव्यात ही सूचना मात्र वादग्रस्त ठरली. कारण अनेक विहिरींना हिंदू व पारशी समाजांत धार्मिक महत्त्व होते. विहीर उघडी ठेवून डासांच्या अळ्या नष्ट करावयाच्या, तर मासे सोडणे हा सोयीचा मार्ग होता. यासाठी भारतात दोन विदेशी जातींचा विशेष पुरस्कार झाला. उत्तर अमेरिकेतील गॅम्ब्यूसिया हा मासा १९२० नंतरच्या काळात स्पेन व इटलीत पोहोचला होता. तेथून १९२८ मध्ये तो बंगलोरला आणण्यात आला. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील गप्पी (पेसिलिया रेटिक्युलेटा) त्याआधीच, विसाव्या शतकाच्या आरंभी, भारतात आला होता. त्रिनिदादमध्ये हे मासे गोळा करून लंडनला पाठविणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी यांचे नाव या माशाला मिळाले. मराठीत ते इतके रुळले, की ‘गप्पी’ हा शब्द मूळचा आडनाव आहे हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

गप्पी मासा लांबीने तीन ते सहा सेंमी. असून मादी नरापेक्षा मोठी असते. ती अंडी न घालता सु. चार आठवड्यांच्या अंतराने जिवंत पिले प्रसवते. त्यामुळे थोड्या माशांपासून अल्पावधीत मोठी संख्या तयार होते. पाण्याच्या पृष्ठाशी राहून तो तेथील अधिक ऑक्सिजनयुक्त पातळ थराचा उपयोग करतो व त्यामुळे घाण पाण्यातही तगतो. १९७१ पासून राबविण्यात आलेल्या नागरी हिवताप योजनेत अळीभक्षक माशांचा समावेश झाला. ठाणे, कल्याण-डोंबिवली व शेजारच्या शहरांत विहिरी, हौद, कारंजी आणि साचलेली डबकी यांत गप्पी मासे सोडण्याचे काम नगरपालिका व नंतर महानगरपालिका करीत आल्या. बंदिस्त हौदात वा न वापरल्या जाणाऱ्या विहिरीत या उपायाचा उपयोग होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. कीटकनाशकांच्या मानाने तो स्वस्त व निरुपद्रवीही आहे. अडचण उघड्या नाल्यांची व तलावांची आहे. तेथे गप्पी केवळ अळ्या खात नाही. इतर जलचरांच्या पिलांचा व माशांच्या अंड्यांचाही फडशा पाडतो आणि पावसाळ्यात नाल्याबरोबर नदीत जातो. डोक्यावर चमकदार ठिपका असलेले ॲप्लोकायलस प्रजातीचे छोटे देशी मासे कोकणातील संथ पाण्यात पूर्वीपासून होते व तेही अळ्या खातात. त्यांच्याकडे झालेले दुर्लक्ष अनाकलनीय नाही. गप्पी माशाची पैदास सिमेंटच्या टाकीत विनासायास होते आणि सरकारी योजनांना असाच मासा सोयीचा असतो.

यापुढील प्रकरण तिलापियाचे. महाराष्ट्रातील मासेमार त्यास ‘चिलापी’ म्हणतात. ओरिओक्रोमिस मोझांबिकस हे शास्त्रीय नाव असलेला हा मासा आफ्रिकेच्या आग्नेय भागातील नद्यांचा. १९३९ मध्ये जावाच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका नदीमुखात मुजाइर नावाच्या गृहस्थास हा अनोळखी मासा आढळला. त्याने तो घरच्या तळ्यात वाढविला व इंडोनेशियात या माशाला त्याचेच नाव मिळाले. आफ्रिकेतून तो जावात कसा आला, याचा उलगडा झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर तो मलाया, थायलंड इ. देशांत पसरला आणि १९५२ मध्ये बँकॉकहून भारतात, तमिळनाडूतील मंडपम येथे, आणण्यात आला. अन्नटंचाईच्या त्या वर्षांत, कोणत्याही डबक्यात वाढणारा व खाद्याची फारशी मागणी नसलेला मासा ही देणगीच वाटली. ‘पाण्यातील कोंबडी’ असे त्याचे वर्णन पुढे रूढ झाले.

चिलापीच्या यशाचे व उपद्रवाचे रहस्य तिच्या प्रजननात आहे. नर तळाच्या मातीत बशीसारखा खळगा करतो. मादी तेथे अंडी घालते आणि लगेच ती तोंडात घेते. पिले बाहेर पडून स्वतंत्रपणे पोहू लागेपर्यंत ती तोंडातच सांभाळली जातात व संकट आले, की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. अशा रीतीने जगणाऱ्या पिलांचे प्रमाण देशी माशांच्या तुलनेत फार मोठे असते. शिवाय दोनतीन महिन्यांचा मासा प्रजननक्षम होतो व वर्षातून अनेकदा वीण होते. तळ्यात दाटी झाली, की सर्वच मासे खुरटतात. मालकाच्या हाती बोटभर लांबीच्या हजारो माशांखेरीज काही लागत नाही. हा अनुभव देशात लवकरच आला आणि १९५९ मध्ये भारतीय मत्स्यसंशोधन समितीने तिलापियाच्या प्रसारास मनाई केली. अवघ्या सात वर्षांत धोरण उलटले, पण तोवर मासा हातचा गेला होता. बंदीचा कागद आणि जिवंत मासा यांच्या शर्यतीत मासा जिंकतो, याचे भारतातील हे पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल.

ठाणे–कल्याण परिसरात चिलापीला हवे ते सर्व मिळाले. ठाण्याचे मासुंदा, कचराळी, उपवन यांसारखे तलाव उथळ, शहराने वेढलेले व सेंद्रिय द्रव्यांनी भरलेले आहेत; अशा पाण्यात शेवाळ विपुल असते व तेच चिलापीचे मुख्य अन्न होय. खारेपणा सहन करण्याची क्षमता असल्यामुळे खाडीचे मचूळ पाणीही तिला वर्ज्य नाही. गोड्या पाण्याच्या देशी माशाला खाडी ही भिंत असते. चिलापीला ती वाट आहे. दुसरीकडे, या माशावर पोट चालणाऱ्यांची संख्याही लहान नाही. सोलापूर व पुणे जिल्ह्यांच्या सीमेवरील उजनी जलाशयात मिळणाऱ्या माशांत चिलापीचा वाटा मोठा आहे आणि मुंबई-ठाण्याच्या बाजारांत पापलेट वा सुरमई न परवडणारे गिऱ्हाईक ती घेते. पुढे केंद्र शासनाने नाइल तिलापियाच्या सुधारित वाणाच्या पालनास, केवळ नर मासे वाढविण्यासारख्या अटींवर, परवानगी दिली.

याच काळात आलेल्या इतर विदेशी कार्प माशांचा विस्ताराने विचार करण्याचे कारण नाही. कॉमन कार्प १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आला व त्याचा बँकॉककडील वाण १९५७ मध्ये. गवत्या (ग्रास कार्प) व चंदेरा (सिल्व्हर कार्प) १९५९ मध्ये अनुक्रमे हाँगकाँग व जपान येथून आले. यांपैकी कॉमन कार्प, ज्यास मासेमार ‘सायप्रिनस’ म्हणतात, साचलेल्या पाण्यात वीण करतो व तळ ढवळून पाणी गढूळ करतो. गवत्या व चंदेरा यांना प्रजननासाठी मोठी वाहती नदी लागते. येथील तलावांत ते सोडल्याखेरीज दिसत नाहीत.

आफ्रिकन मागूर (क्लॅरियस गॅरिपायनस) याचा इतिहास अगदी वेगळा आहे. कोणत्याही शासकीय संस्थेने तो आणला नाही. १९९० नंतरच्या दशकात तो बांगलादेशमार्गे चोरून भारतात आला आणि १९९७ मध्ये केंद्र शासनाने त्याच्या पालनावर बंदी घातली. भारतीय मागुराशी साम्य असल्याने तो त्याच नावाने विकला जातो. मात्र आकाराने तो कितीतरी मोठा, दीड मी. पर्यंत वाढणारा असतो. कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखे पूरक श्वसनेंद्रिय असल्यामुळे तो हवेतील ऑक्सिजन घेतो, पाण्याबाहेर बराच काळ जिवंत राहतो व ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जाऊ शकतो. मासे, बेडूक, कीटक, कुजलेले मांस असे काहीही त्यास चालते. याच गुणामुळे त्याचा धंदा फोफावला : कोंबड्यांच्या व कत्तलखान्यांच्या टाकाऊ मांसावर तो काही महिन्यांत विक्रीयोग्य होतो आणि जिवंत स्थितीत दूरच्या बाजारात नेता येतो. मुंबई महानगराच्या बाजारपेठेलगत, ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात अशी तळी खोदली गेली. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातही तसेच घडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये कडक आदेश दिल्यानंतर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने साठे नष्ट करण्याच्या मोहिमा हाती घेतल्या. तळी बुजवून मासे पुरले जातात; पण पावसाळ्यात तळ्याचा बांध फुटून आधीच ओढ्यात गेलेल्या मागुराला मोहीम गाठू शकत नाही. भारतीय मागूर (क्लॅरियस मागूर) मात्र आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या सूचीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे.

चौथी वाट काचेच्या पेटीतून निघते. मुंबईत १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, त्यामुळे शोभेच्या माशांविषयी कुतूहल वाढले. क्रॉफर्ड मार्केटमधील दुकानांतून असे मासे घरोघर जाऊ लागले आणि ठाणे, डोंबिवलीसारख्या मध्यमवर्गीय वस्त्यांत मत्स्यपेटी ही दिवाणखान्याची नेहमीची वस्तू झाली. पेटीत बोटभर असलेला मासा वर्षभरात वीतभर होतो, सोबतचे मासे खातो, मग घरमालकाला त्याची दया येते व तो जवळच्या तलावात सोडला जातो. दयेतून घडलेली ही कृती परिणामांच्या दृष्टीने चोरट्या व्यापारापेक्षा फारशी वेगळी नसते. पेटीची काच स्वच्छ ठेवण्यासाठी घेतला जाणारा सकर मासा (टेरिगॉप्लिक्थिस) हे त्याचे ठळक उदाहरण. दक्षिण अमेरिकेतील या माशाच्या अंगावर हाडांच्या तकटांचे कवच असते. पसरलेल्या पक्षांमुळे (परांमुळे) राज्यातील काही मच्छीमार त्यास ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात. तो जाळी फाडतो, काठाच्या मातीत बिळे करतो आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. मगरीसारखा लांब जबडा असलेला उत्तर अमेरिकेतील ॲलिगेटर गार २०१६ मध्ये कोलकात्याच्या सुभाष सरोवरात व २०२३ मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात सापडला; त्या माशांचा प्रवासही अशाच पेटीतून झालेला असणार. ‘रूपचंद’ नावाने बाजारात विकला जाणारा लाल पोटाचा पाकू हा मासा शोभेच्या व खाण्याच्या अशा दोन्ही व्यापारांत आहे. पिरान्हाचा नातलग असल्याने त्याच्याविषयी अधूनमधून घबराट उडते. परंतु त्याचे दात बिया व फळे फोडण्यास योग्य असे, माणसाच्या दाढांसारखे असतात.

या सर्व जाती एकत्र पाहिल्या असता एक गोष्ट नजरेत भरते. गप्पी पृष्ठावरील थरातून श्वसन करतो, मागूर हवा घेतो, सकर मासा गिळलेल्या हवेतील ऑक्सिजन जठराच्या भित्तीतून शोषतो, चिलापी अत्यल्प ऑक्सिजनात निभावते. येथे वसलेले परकीय मासे म्हणजे घुसमटलेल्या पाण्यात जगू शकणारे मासे होत. ते पाणी माशांनी घुसमटविलेले नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत १९४९ मध्ये उल्हासनगर वसले, १९६० नंतर अंबरनाथ, डोंबिवली व ठाणे–बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. वालधुनी नदी सांडपाण्याची वाहिनी बनली आणि उल्हासच्या पात्रात जलपर्णी—तीही दक्षिण अमेरिकेतीलच—पसरू लागली. स्वच्छ, वाहत्या पाण्यावर अवलंबून असणाऱ्या देशी माशांनी जागा सोडली, ती या पाहुण्यांनी घेतली. म्हणून देशी माशांच्या ऱ्हासाचा सर्व दोष परकीय जातींच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. आधी पाणी बदलले, मग मासे. तथापि रिकाम्या झालेल्या जागेत चिलापी वा मागूर एकदा स्थिर झाला, की पाणी सुधारले तरी मूळचे मासे आपोआप परतत नाहीत, हेही तितकेच खरे.

तलाव, तळी, नाला व नदी ही एरवी वेगळी असणारी पाणी पावसाळ्यात एकत्र येतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत कल्याण, डोंबिवली, बदलापूर जलमय झाली. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणीच्या दरम्यान अडकून पडली. अशा पुरात शेततळे, शोभेच्या माशांचे हौद आणि नदी यांच्यामध्ये कोणतीही सीमा उरत नाही. वलगणीच्या ज्या वाटेने देशी मासे पूर्वी खाचरांत चढत, त्याच वाटेने आता तळ्यांतील मासे नदीत उतरतात. वलगणीच्या वेळी पोटात अंडी असलेली मादी धरली जाणे हे देशी माशांच्या बाबतीत नुकसानकारक असते. तोंडात पिले बाळगणाऱ्या चिलापीला या हंगामाची गरजच नसते.

२०२२ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परकीय जातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांचे नियमन करण्याचा वा त्यांवर बंदी घालण्याचा अधिकार केंद्र शासनास मिळाला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. त्याआधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, ठाणे खाडीचा रामसर स्थळांत समावेश झाला होता. मोझांबिक तिलापिया आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या शंभर अत्यंत उपद्रवी परकीय जातींच्या सूचीत आहे. त्याच संघाने या माशाला त्याच्या आफ्रिकेतील मूळ नद्यांत मात्र असुरक्षित ठरविले आहे, कारण तेथे सोडलेल्या नाइल तिलापियाशी संकर होऊन त्याचा शुद्ध वंश विरत चालला आहे.